दोघांनी मनाली ते लेह: सायकल, खिंडी आणि सोबतची गाडी

मनाली ते लेह सायकलने जायचे ठरवणारी जोडपी तयारीचा बहुतेक वेळ सायकल निवडण्यात घालवतात आणि सोबतच्या गाडीचा प्रश्न "मनालीत एखादी गाडी ठरवू" एवढ्यावर सोडून देतात. या रस्त्यासाठी हा क्रम उलटा हवा. मध्यम किमतीची, पण नीट तपासून घेतलेली सायकल लेहला पोहोचते. गाडीचे तसे नाही. ती कोणत्या दिवशी कुठे उभी असेल, तिच्यात कोणी आणि केव्हा बसायचे, हे घरी असतानाच ठरले नसेल, तर ऐन गरजेच्या वेळी ती असून नसल्यासारखी होते. सह्याद्रीत थोडीफार सायकल चालवलेल्या, पण इतक्या उंचीवर पहिल्यांदाच जाणाऱ्या दोघांसाठी पुढील सूचना लिहिल्या आहेत.

रस्त्याचा अंदाज घ्या

रोहतांग खिंडीवरून गेल्यास हे अंतर सुमारे ४७५ किलोमीटर भरते. २०२० साली सुरू झालेल्या, ९ किलोमीटरहून किंचित लांब अशा अटल बोगद्यातून गाडी गेली तर ते सुमारे ४३० किलोमीटरवर येते. पुण्याहून गोव्याला जाण्याइतकेच हे अंतर आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे प्रवासाचा पहिला पायडल मारण्यापूर्वीच आपण आपल्या राज्यातल्या कोणत्याही जागेपेक्षा उंच उभे असतो. तिथून पुढे रोहतांग (३,९७८ मीटर), बारालाचा ला (सुमारे ४,८९० मीटर; 'ला' म्हणजे खिंड), नकी ला, लाचुलुंग ला (५,००० मीटरच्या वर) आणि तांगलांग ला (५,३२८ मीटर) अशा पाच खिंडी ओलांडाव्या लागतात. शेवटच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. ज्या चढावर आपण इकडे ताशी आठ-नऊ किलोमीटरने जातो, तसल्याच चढावर तिकडे चार-पाचचा वेग मिळाला तर तो चांगला समजावा आणि दिवसाचे हिशेब त्याच वेगाने मांडावेत.

महिना निवडा

आपल्याकडच्या शाळांची सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत असते, परंतु त्या काळात खिंडींवरचा बर्फ हटवण्याचे काम सीमा सडक संघटना करीत असते आणि रस्ता केव्हा खुला होईल याचा नेम नसतो. तिकडचा उन्हाळा जून ते सप्टेंबर असा धरावा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बारालाच्याच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती असतात. दृश्य अप्रतिम असले तरी रस्त्यावर वितळलेले पाणी वाहत असते आणि रात्री ते गोठते. जुलै-ऑगस्टमध्ये कुलूच्या खोऱ्यात मान्सूनचा जोर असतो, मनाली ते रोहतांग टप्प्यात दरडी कोसळतात, पण पलीकडे लाहौल आणि लडाख पर्जन्यछायेत असल्याने तिथे आकाश बहुधा मोकळे मिळते. नवख्या जोडप्याला मी जूनचा शेवटचा आठवडा किंवा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य सुचवेन. सप्टेंबरमध्ये नाल्यांचे पाणी ओसरलेले असते, मात्र रात्रीची थंडी खरोखर बोचते.

महिना कोणताही असो, परतीच्या तिकिटापूर्वी किमान तीन दिवस मोकळे ठेवावेत. रस्ता दोन दिवस बंद राहणे ही इथे नित्याची गोष्ट आहे, आणि परतीची घाई असलेले जोडपे मुक्काम गाळते. मुक्काम गाळला की आजारपण ओढवण्याची शक्यता वाढते.

सराव

उंचीचा सराव महाराष्ट्रात होऊ शकत नाही, हे एकदा मान्य केले म्हणजे सरावाचे गणित सोपे होते. आपल्या हाती फक्त पाय, पाठ आणि बैठक तयार करणे आहे. वाईहून पसरणी घाटाने पाचगणी आणि तिथून महाबळेश्वर, मुंबईकरांसाठी कसारा किंवा माळशेज, गोव्यातल्यांसाठी चोर्ला, दक्षिण महाराष्ट्रात आंबोली, यांपैकी जवळचा घाट निवडावा आणि तीन-चार महिने दर आठवड्याला तो चढावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महिन्यातून एकदा सलग तीन दिवस सायकल चालवावी, कारण एका दिवसाचा शंभर किलोमीटरचा पराक्रम तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सॅडलवर बसण्याची सवय लावत नाही. हे तीन दिवस दोघांनी एकत्रच करावेत. दोघांच्या चढावरच्या वेगातला फरक किती, भूक कोणाला आधी लागते, थकल्यावर कोण गप्प होते आणि कोण चिडते, हे तेव्हाच कळते, आणि तिकडे त्याचा उपयोग होतो.

सायकल

रुंद टायरची हायब्रिड किंवा साधी एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, पुरेशी आहे. पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांपेक्षा कमी असावेत. पुढे २६ आणि मागे ३४ अशी जोडी असली तर घाटात उभे राहून पायडल मारण्याची वेळ सहसा येत नाही. टायर पावणेदोन ते दोन इंच रुंदीचे घ्यावेत. दोघांच्या सायकलींची चाके एकाच मापाची असतील तर सुट्या भागांचा पसारा निम्मा होतो: दोन टायर, सहा ट्यूब, एक चेन आणि तिचे जोड, दोन्ही सायकलींना चालणारे ब्रेक पॅड, स्पोक, गिअर व ब्रेकच्या केबल, आणि प्रत्येक सायकलच्या मापाचा डिरेलर हँगर, म्हणजे मागची गिअर बदलणारी यंत्रणा ज्याला टांगलेली असते तो तुकडा. हा शेवटचा छोटा तुकडा सायकल गाडीवर आडवी ठेवताना वाकतो आणि रोहतांगपलीकडच्या कीलाँगपासून लेहपर्यंत कुठेही विकत मिळण्याची आशा नसते.

सायकली रेल्वेने नेणार असाल तर मुंबईहून पश्चिम एक्सप्रेस किंवा पुण्याहून झेलम एक्सप्रेस अंबाल्याला थांबते. सायकल पार्सल कार्यालयात नोंदवावी, तिच्यावर नाव आणि स्थानक मोठ्या अक्षरांत लिहावे आणि आपण एक दिवस हाताशी ठेवून निघावे. अंबाला किंवा चंदीगडहून मनाली रस्त्याने गाठता येते.

गाडी आणि चालक

गाडी निवडताना एकच कसोटी लावावी: दोन्ही सायकली, दोन्ही सायकलस्वार आणि सगळे सामान एकाच वेळी तिच्यात मावते का? अनेकजण सायकली वर बांधता येतील एवढे पाहून लहान मोटार ठरवतात आणि तंबू, पाण्याचे कॅन, ऑक्सिजनचा सिलिंडर भरल्यावर मागे एकच माणूस बसू शकतो असे त्यांच्या लक्षात येते. दोघेही एकाच दिवशी आजारी पडणे ही या प्रवासातली अगदी शक्य कोटीतली गोष्ट आहे. जमिनीपासून उंच, वर मजबूत कॅरिअर असलेली सात आसनी गाडी त्यासाठी योग्य ठरते.

स्वतःची गाडी पुण्याहून घेऊन मित्राने चालवावी, असाही एक मोह असतो. पैशांची बचत होते, हे खरे. पण नाल्यातून गाडी कुठून काढायची, लष्कराचा ताफा समोरून आला तर कुठे थांबायचे, ढगांचा रंग पाहून आज खिंड ओलांडावी की नाही, हे मनालीचा किंवा लाहौलचा चालक ज्या सहजतेने सांगतो ते ज्ञान नकाशात नाही. पहिल्या प्रवासासाठी तरी स्थानिक चालक घ्यावा. भाडे ठरवताना पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: एकूण दिवस, मोकळे ठेवलेले दिवस लागल्यास त्यांचा दर, चालकाच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय कोणाकडे, लेहहून रिकामी परत जाण्याचा खर्च, आणि अंधारात गाडी चालवायची नाही ही अट. चालकाला वाटेत रात्री गाडीतच झोपायला लावणारे पर्यटक कमी नाहीत. ४,६०० मीटरवर कुडकुडत रात्र काढलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी आपला जीव असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मोटारीने रोहतांगवर जाण्यासाठी परवाना लागतो, वाहनांच्या संख्येवर मर्यादा आहे आणि मंगळवारी पर्यटकांच्या वाहनांना खिंड बंद असते. म्हणून मनालीहून निघण्याचा वार ठरवतानाच हे पाहावे. परवाना न मिळाल्यास गाडी बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जाते आणि खिंडीवरचा दिवस दोघांना गाडीविना काढावा लागतो. हवामान चांगले असेल आणि आदल्या रात्रीचा मुक्काम खिंडीच्या अलीकडे मढीला झाला असेल तर ते अवघड नाही, पण तसे करायचे की दोघांनीही सायकली गाडीवर चढवून बोगद्यातून जायचे, हे आदल्या संध्याकाळपर्यंत ठरलेले असावे.

इंधनासाठी टांडीचा पंप ध्यानात ठेवावा. चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमाजवळचा हा पंप सोडल्यावर लेहजवळच्या कारूपर्यंत दुसऱ्या पंपाचा भरवसा धरू नये. टाकी भरून वर एक कॅनही घ्यावा. रोख रक्कम कीलाँगच्या एटीएममधून काढून घ्यावी. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, त्यामुळे दोघांपैकी एकाकडे आणि चालकाकडे पोस्टपेड जोडणी हवी. तरीही वाटेतल्या दारचा गावापासून उपशीपर्यंतच्या टप्प्यात फोन लागणार नाही असेच धरून चालावे. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींनी हेही लक्षात ठेवावे की उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत.

गाडीने कुठे असावे

गाडीने सायकलच्या मागे-मागे चालावे ही कल्पना पहिल्याच दिवशी सोडून द्यावी. पहिल्या गिअरमध्ये तासन् तास रखडणारे इंजिन तापते, मागे वाहनांची रांग लागते, आणि पुढे गेल्यास तिचा धूर थेट आपल्या छातीत जातो, जिथे आधीच हवा पुरत नसते. त्याऐवजी टप्पे पाडावेत. गाडीने दहा-बारा किलोमीटर पुढे जाऊन ठरलेल्या जागी, म्हणजे एखाद्या पुलापाशी, ढाब्यापाशी किंवा किलोमीटरच्या दगडापाशी उभे राहावे. शेवटचा सायकलस्वार तिथे पोहोचून निघाल्यावरच गाडी पुढच्या जागी जाईल. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात दोघांपैकी कोणी आले नाही तर चालकाने काहीही विचार न करता मागे फिरावे. हा शेवटचा नियम चालकाला पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, कारण "येतील हळूहळू" असे म्हणून चहा घेत बसणे हा माणसाचा स्वभाव आहे.

गाडी आहे म्हणून सायकल पूर्ण मोकळी ठेवू नये. प्रत्येकाने स्वतःच्या सायकलवर वाऱ्यापावसाचे जाकीट, जाड हातमोजे, दोन लिटर पाणी, खाणे, एक ट्यूब, पंप, विजेरी आणि शिट्टी बाळगावी. "प्रत्येकाने" हा शब्द महत्त्वाचा आहे. जोडप्यांमध्ये पंप एकाकडे आणि खाऊ दुसऱ्याकडे अशी वाटणी आपोआप होते, आणि दोघांत तीन किलोमीटरचे अंतर पडले की दोघांकडेही अर्धीच सोय उरते.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. ढाब्यांच्या तंबूंत राजमा-चावल, मॅगी, अंडी आणि गोड चहा मिळतो. उंचीवर भूक मरते, त्यामुळे घरची चव असलेले काहीतरी सोबत असणे ही चैन नसून गरज आहे: शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खजूर, मेतकूट-भातासाठी मेतकुटाची डबी. पाणी दिवसाला तीन-चार लिटर प्यावे आणि त्यातल्या काही भागात जलसंजीवनी मिसळावी.

मुक्काम कसे टाकावेत

वैद्यकातला सर्वमान्य नियम असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली झोपले तर चालते. मनाली-लेह रस्त्याची अडचण अशी की गाडीने दोन दिवसांत जाणारे लोक हा नियम सरळ मोडतात, आणि त्यांचे वेळापत्रक पाहून सायकलस्वारही मोडतात.

मनालीत दोन रात्री काढाव्यात आणि मधल्या दिवशी कोठी गावापर्यंत जाऊन यावे. त्यानंतर पहिल्या दिवशी मढी (सुमारे ३,३५० मीटर), दुसऱ्या दिवशी रोहतांग ओलांडून सिस्सू (सुमारे ३,१०० मीटर), तिसऱ्या दिवशी कीलाँगवरून जिस्पा. जिस्पाला भागा नदीच्या काठी एक पूर्ण विसाव्याचा दिवस घ्यावा. तब्येत उत्तम वाटत असतानाच तो घ्यायचा असतो. इथून पुढे दारचाच्या तपासणी नाक्यावर नोंद करावी लागते, म्हणून ओळखपत्रे सामानाच्या तळाशी ठेवू नयेत.

जिस्पाहून बहुतेक जण थेट झिंगझिंगबारला (सुमारे ४,२७० मीटर) जातात. एका दिवसात झोपण्याची उंची हजार मीटरने वाढते, आणि मला हा या मार्गावरचा सर्वांत वाईट पायंडा वाटतो. सोबतच्या गाडीत तंबू आहे तर त्याचा उपयोग इथे करावा: पाटसेओच्या परिसरात, सुमारे ३,८०० मीटरवर रात्र काढावी. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून झिंगझिंगबार, सूरजताल, बारालाचा आणि भरतपूर करत सरचूला (सुमारे ४,२९० मीटर) उतरावे. दिवस साठेक किलोमीटरचा आणि मोठा आहे, पण झोपण्याची उंची पाचशे मीटरच्या आत वाढते. पहाटेचा आग्रह आणखी एका कारणासाठी. रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारी ऊन तापल्यावर बर्फ वितळून गुडघ्यापर्यंत येतात. सायकल ढकलत नाला ओलांडताना बूट काढून गमबूट किंवा जुन्या सँडल घालाव्यात. ओले बूट पुढे दोन दिवस वाळत नाहीत.

सरचूनंतर पांगला एका दिवसात जाण्याचा अट्टाहास नवख्यांनी करू नये. सरचूहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर गाटा लूप्स लागतात: एकवीस वळणे, एकामागून एक. वळणांचा चढ तसा सुसह्य आहे. खरा दम त्यानंतर नकी लापर्यंत लागतो, कारण वळणे संपली की घाट संपला असा मनाचा समज झालेला असतो. लूप्सच्या वरच्या भागात पाण्याच्या बाटल्यांनी वेढलेले एक छोटे स्मारक दिसते. तिथे तहानेने गेलेल्या एका माणसाची कथा सांगितली जाते आणि जाणारे-येणारे पाण्याची बाटली ठेवतात. रात्री व्हिस्की नाल्याजवळच्या तंबूंत, साधारण ४,७०० मीटरच्या आसपास झोपावे. पुढचा दिवस लाचुलुंग ला ओलांडून पांगपर्यंतचा, अंतराने छोटा. मग मोरे मैदान, जिथे चाळीसेक किलोमीटर रस्ता जवळजवळ सपाट आहे आणि दुपारनंतर समोरून असा वारा येतो की सपाट रस्त्यावर घाटाचा गिअर लावावा लागतो. डेब्रिंगला मुक्काम, दुसऱ्या दिवशी तांगलांग ला आणि पलीकडे रुमत्सेपर्यंतचा लांब उतार. तिथे किंवा लातोला रात्र. रुमत्से, ग्या, मिरू अशी हिरवी गावे लागली की शरीराला लगेच फरक जाणवतो. उपशीला सिंधू भेटते आणि तिच्या काठाने कारू, ठिकसे करत लेह येते.

सरचूच्या अलीकडची अट

उंचीच्या आजारावरचा हमखास उपाय म्हणजे खाली उतरणे. सरचू आणि पांग या दोन मुक्कामांची गोम अशी की तिथून खाली उतरण्यापूर्वी वर चढावे लागते: सरचूहून मागे बारालाचा आहे आणि पुढे दोन खिंडी, पांगहून मागे लाचुलुंग आणि पुढे तांगलांग. म्हणजे सरचूला रात्री आजार बळावला तर पाच हजार मीटरच्या आसपास जाऊनच सुटका होते. त्यामुळे या प्रवासातला खरा निर्णय पाटसेओला सकाळी घ्यायचा असतो. दोघांपैकी एकालाही डोकेदुखी आणि तिच्यासोबत मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल, तर त्या दिवशी पुढे जायचे नाही. तिथेच थांबायचे, आणि लक्षणे वाढली तर गाडीत बसून जिस्पाला उतरायचे. "बारालाचा तेवढा करू, मग पाहू" हा विचार घातक आहे.

दोन लक्षणांना तर कोणतीही सवलत नाही. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, छातीत घरघर, खोकल्यातून फेसाळ थुंकी हे फुप्फुसात पाणी साठत असल्याचे चिन्ह आहे. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, झोपेतून नीट जागे न होणे हे मेंदूवर सूज येत असल्याचे. जमिनीवर एक रेघ ओढून तिच्यावरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगावे. जमले नाही तर रात्र असो वा पहाट, ऑक्सिजन लावून गाडी हलवावी. अंधारात गाडी न चालवण्याचा नियम मोडायचा तो फक्त इथे. पांगला लष्कराच्या तळावर प्राथमिक वैद्यकीय मदत मिळू शकते, आणि लेहच्या सोनम नोर्बू स्मृती रुग्णालयाला या आजाराचा मोठा अनुभव आहे. ऑक्सिजनचा खरा, वैद्यकीय सिलिंडर मनालीहून भाड्याने घ्यावा. दुकानात मिळणारे हातातले छोटे डबे काही मिनिटांत संपतात. त्यांनी माणसाला धीर येतो, उपचार होत नाही.

डायमॉक्स या नावाने मिळणारे ॲसिटाझोलामाइड प्रतिबंधासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. ते स्वतःच्या मनाने न घेता निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गर्भधारणेची शक्यता असल्यास. मद्य आणि झोपेच्या गोळ्या लेहपर्यंत वर्ज्य समजाव्यात.

दोघांचा वेग

दोन मित्र आणि एक जोडपे यांच्या प्रवासात फरक असा पडतो की जोडपे एकमेकांसाठी त्रास लपवते. वेगवान असलेला जोडीदार सतत थांबून वाट पाहतो, त्यामुळे गारठतो. मागचा माणूस आपल्यामुळे उशीर होतो म्हणून पाणी प्यायलाही थांबत नाही. यावर उपाय म्हणून चढावर प्रत्येकाने आपल्या वेगाने जावे आणि गाडी उभी असलेल्या जागीच भेटावे. अधेमधे थांबून हाका मारू नयेत. मुक्कामाचे अंतर मात्र नेहमी कमी वेगाच्या जोडीदाराच्या हिशेबाने ठरवावे, आणि हा जोडीदार दर वेळी बायकोच असेल असे गृहीत धरू नये. उंचीवर कोणाचे शरीर कसे वागेल याचा सपाटीवरच्या ताकदीशी फारसा संबंध राहत नाही.

गाडीत बसण्याचा अधिकार प्रत्येकाला बिनशर्त असावा. "मी आता गाडीत" एवढे म्हटले की चर्चा संपली पाहिजे; समजावणे, पाच मिनिटे बघू म्हणणे, पुढच्या वळणापर्यंत प्रयत्न करायला लावणे, हे सगळे निषिद्ध. त्याच्या जोडीला दुसरा अधिकार असा की, एकाने दुसऱ्याला "तू आता गाडीत" असे सांगितले तर तेही ऐकावे लागेल. वीस वर्षे ज्याचा आवाज आणि चाल ओळखीची आहे, त्याच्या बोलण्यातला जडपणा चालकाच्या लक्षात येण्यापूर्वी जोडीदाराच्या लक्षात येतो. नेहमी शांत असलेला माणूस क्षुल्लक कारणावरून खेकसू लागला तर भांडण सुरू करण्याऐवजी आधी नाडी, ऑक्सिमीटर आणि डोकेदुखी तपासावी. ऑक्सिमीटरचा एकच आकडा पाहून घाबरू नये. रोज सकाळी त्याच वेळी दोघांचे आकडे लिहून ठेवावेत आणि एकाचा आकडा अचानक घसरतो का ते पाहावे.

स्त्रियांसाठी दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. उंची, थंडी आणि श्रम यांमुळे पाळी पुढे-मागे होऊ शकते, त्यामुळे तारखेवर विसंबून न राहता साहित्य पहिल्या दिवसापासून सोबत असावे. आणि मोरे मैदानासारख्या उघड्या भागात चाळीस किलोमीटरपर्यंत आडोसाच नसतो. कपडे बदलण्याचा, पटकन उघडणारा छोटा तंबू गाडीत ठेवला की हा प्रश्न सुटतो. आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिण्याची सवय उंचीवर थेट आजाराकडे नेते.

लष्कराचे ताफे दिसले की डोंगराच्या बाजूला उतरून उभे राहावे, दरीच्या बाजूला नव्हे. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, थोडा दाब देऊन सोडावा. खिंडीच्या माथ्यावर छायाचित्रांसाठी दहा मिनिटे पुरतात. उतार सुरू करण्यापूर्वी घाम टिपून जाकीट चढवावे.

लेहनंतर

खारदुंग लाची हौस असेल तर लेहमध्ये किमान एक दिवस विसावा घेऊन मग जावे. लेहहून माथा ३९ किलोमीटरवर आहे आणि चढ सुमारे १,८५० मीटरचा. जुन्या पाट्यांवर १८,३८० फूट असा आकडा लिहिलेला असला तरी प्रत्यक्ष उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट भरते, आणि जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता हा दावाही आता खरा नाही. चढ मात्र खराच आहे. यासाठी मनालीची गाडी वापरायची ठरवली असेल तर बेत बदलावा लागेल, कारण बाहेरच्या राज्यांतल्या टॅक्सींना लेहच्या आसपास पर्यटकांना फिरवू देत नाहीत. लेहचीच टॅक्सी त्या एका दिवसापुरती ठरवावी आणि तिच्या चालकाशी माथ्याच्या अलीकडे साउथ पुल्लूला भेटण्याची वेळ पक्की करावी.

मनालीची गाडी बहुधा लेहला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी रिकामी परत निघते. सायकली विमानाने न्यायच्या असतील तर त्यांचे खोके मनालीहूनच सपाट घडी करून गाडीत आणलेले असावेत. टायरमधली हवा कमी करावी, हँडल फिरवून दांड्याला समांतर करावे, पेडल काढावेत; डावे पेडल उलट्या आट्याचे असते, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होते. पॉवर बँक आणि विजेरीच्या बॅटऱ्या खोक्यात न ठेवता हातातल्या पिशवीत घ्याव्यात. आणि चालकाला निरोप देण्यापूर्वी पान्यांची पिशवी गाडीतून उतरवून घेतली आहे ना, हे दोघांपैकी एकाने डोळ्यांनी पाहावे.